पत्ता दिला कोणी? समोरच्या वाड्यातील काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या 18 तारखेला सायंकाळी आपण आमच्या घरी आलात आणि 9 दिवस आम्हाला छळणारा इंटरनेटचा दोष दोन तासांत शोधून दिलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तोंडी आभार त्याच दिवशी मानले होते. परंतु आपल्या आळीतील आणखी दोन घरांत अगदी आमच्यासारखीच मांडणी असल्याचे नंतर कळले, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता यावे असे लिहिले आहे.

मी घरी बसून लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-3बीची अखेरची तारीख 20 असते, आणि तीन दिवस आधी लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असूनही ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना येत असेल, तर माणसाची अवस्था काय होते हे निराळे सांगायला नको. त्यातून दोष एकसारखाही नव्हता. सकाळी माझा लॅपटॉप चालायचा आणि सासूबाईंचा मोबाइल बंद पडायचा. दुपारी नेमके उलट. कंपनीच्या मदत क्रमांकावर दर वेळी सांगत, की जुन्या वाड्याच्या भिंती जाड असल्याने सिग्नल पोहोचत नाही, राउटर दोन मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करा. मी लॅपटॉप ओसरीवर आणून राउटरला खेटून बसले, तरी तेच. शेवटी राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून तो मुळापासून रीसेट करायचे मी ठरवले होते. आपण त्या क्षणी दारात उभे राहून ‘थांब’ म्हणालात, हा आपला पहिला उपकार. त्या टाचणीने कंपनीच्या माणसाने भरलेले वापरकर्ता नाव आणि पासवर्ड पुसले गेले असते, आणि उरलेसुरले इंटरनेटही गेले असते.

दूरसंचार खात्यात आपण आयुष्यभर टेलिफोनचे फॉल्ट काढलेत. एक्स्चेंजपासून पिलर (रस्त्यावरची जोडणीची पेटी), पिलरपासून डीपी (घरांजवळचा वाटणीचा डबा), डीपीपासून घर अशी लाइन तुकड्यातुकड्याने तपासायची आणि दोष एका तुकड्यात कोंडायचा, ही आपली जुनी रीत आपण इथेही सोडली नाहीत. फायबरच्या डब्यावरचा ‘लॉस’चा लाल दिवा बंद आणि ‘पॉन’चा हिरवा स्थिर असल्याचे पाहून आपण बाहेरची लाइन निर्दोष ठरवलीत, त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. मग मला वही घ्यायला लावलीत आणि बजावलेत, की आहे ती स्थिती लिहून झाल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावायचा नाही.

चालणाऱ्या मोबाइलचा पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा आयपी क्रमांक, निघाला 192.168.1.103 आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, 192.168.1.1. न चालणाऱ्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले, तर पत्ता 192.168.0.104 आणि गेटवे 192.168.0.1. मला दोन्ही सारखेच वाटले. आपण पेन्सिलीने फक्त तिसऱ्या आकड्याभोवती वर्तुळ काढलेत आणि म्हणालात, “पत्ता 169.254 ने सुरू झाला असता, तर कोणी पत्ता दिलाच नाही असे समजलो असतो. इथे दिला आहे. मग दिला कोणी?” सगळे उत्तर त्या एका प्रश्नात होते. 192.168.0.1 ला पिंग केल्यावर, म्हणजे हाक मारून पाहिल्यावर, उत्तर आले, बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या 8.8.8.8 ला केल्यावर आले नाही. म्हणजे लॅपटॉपला दार सापडले होते, पण त्या दारापलीकडे रस्ताच नव्हता.

तेव्हा मला माडीवरचा जुना राउटर आठवला. दिवाळीत भाच्याने मोठ्या हौसेने तो तिथे जोडला होता, ओसरीवरून केबल नेऊन, आणि मोबाइल आपोआप जोडले जावेत म्हणून नाव-पासवर्डही तेच ठेवले होते. मात्र त्याचे पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते चालूच राहिले. एकाच घरात दोन कारभारी झाले आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता उपकरणे स्वीकारू लागली. मदत क्रमांकावरचा सल्ला आम्हाला का बाधला, हेही त्यामुळे उलगडले. ओसरीवरचा राउटर दोन मिनिटे बंद होताच सगळी उपकरणे माडीवरच्याला चिकटत, त्याच्याकडून पत्ता घेत आणि मुदत संपेपर्यंत तोच धरून बसत. इतके दिवस भिंतींना दोष दिला. त्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

दुरुस्ती आपण स्वतः केली नाहीत, माझ्याकडून करवून घेतलीत. (माडीचा जिना उभा आहे, हे त्याचे एक कारण असेलही, मी वरून आकडे ओरडून सांगत होते आणि आपण खाली चहा घेत होतात.) जुन्या राउटरचे डीएचसीपी बंद केले, त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2 केला, कारण ओसरीवरचा राउटर 100 ते 200 मधलेच पत्ते वाटतो आणि 2 त्याच्या वाटपाबाहेर राहतो. पत्ता बदलताच समोरचे पान नाहीसे झाले आणि मी घाबरले, आपण खालून म्हणालात, “जाणारच. ते जुन्या पत्त्यावर होते.” केबल लॅनच्याच, म्हणजे घरातल्या जोडणीच्याच, खाचेत राहू दिली. लॅपटॉपने नवा पत्ता मागितला, 192.168.1.107 मिळाला, आणि पोर्टल उघडले.

20 तारखेला दुपारपर्यंत माझी सगळी विवरणपत्रे भरून झाली. वहीतले ते पान, आपल्या वर्तुळासकट, ओसरीवरच्या राउटरशेजारी चिकटवले आहे. भाच्याला त्याचा फोटो पाठवला आहे. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आला, की आपल्याला भेटायला पाठवते. त्याला पिलर आणि डीपीच्या गोष्टी आपल्याच तोंडून ऐकू द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
समोरच्या वाड्यातील सूनबाई