पुनर्विकास घरागणिक नको, गल्लीगणिक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ भागांत कौलारू घरे उतरवून तिथे तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. त्याच वेळी शहराच्या दक्षिणेला, बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या भातशिवारात एकेक एकर करून लेआउट पडत आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. जुन्या गल्ल्यांत चांगली घरे होत नाहीत, म्हणून माणसे शिवाराकडे सरकतात.

शहर असे शिवारात पसरत जाऊ नये म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत ‘स्मार्ट ग्रोथ’ नावाने संस्थांचे एक जाळे उभे राहिले आणि पुढे त्याची दहा तत्त्वे मांडली गेली: घर, दुकान, काम जवळजवळ असावे, बांधणी आटोपशीर असावी, सगळ्या ऐपतीच्या लोकांना घर मिळावे, पायी चालता यावे, शेती आणि मोकळी जागा राखावी, आधी असलेली वस्ती बळकट करावी, वगैरे. केंद्र सरकारची ‘स्मार्ट सिटी’ योजना वेगळी. त्या योजनेच्या पहिल्या २० शहरांत जानेवारी २०१६ मध्ये बेळगावची निवड झाली आणि ३१ मार्च २०२५ ला ती योजना देशभर संपली. त्या योजनेचा निधी आता नाही. पण ही दहा तत्त्वे पाळायला निधीपेक्षा मोजमाप आणि शिस्त जास्त लागते.

आधी हिशेब पाहू. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट म्हणजे १,२०० चौरस फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. रस्ते, बाग, सार्वजनिक जागा वगळून साधारण ५५ टक्के जमीन विक्रीला उरते, म्हणजे एकरी २० प्लॉट. १०० कुटुंबांना ५ एकर शिवार जाते. आता जुन्या गल्लीतली जागा घ्या: समोर ६ मीटर, खोली २४ मीटर. मधला चौक उघडा ठेवून ६५ टक्के बांधले, तर मजल्यामागे सुमारे ९३ चौरस मीटर मिळतात. तळमजला धरून तीन मजल्यांत समोर एक दुकान आणि चार घरे सहज बसतात. अशा जागेत आज एक-दोन कुटुंबे राहतातच. म्हणून नव्याने अडीच कुटुंबांचीच सोय होते असे धरले, तरी ४० जुन्या जागांत १०० कुटुंबे सामावतात. वाचलेली ५ एकर ही बेळगाव बासमती पिकवणारी जमीन आहे. ती एकदा मातीने भरली की पुन्हा भातशेती होत नाही, आणि नाल्याचे पाणी पसरायची जागाही जाते.

हे प्रत्यक्षात बिघडते ते एकेका जागेचा आराखडा सुटा केल्यामुळे. ६ मीटर रुंदीच्या जागेत तळाला पार्किंग ठेवले की अडीच बाय पाच मीटरच्या दोन गाड्या उभ्या राहतात आणि समोरची सगळी बाजू शटरने बंद होते. कट्टा जातो, दुकान जाते, गल्लीकडे पाहणारी खिडकी जाते. एक इमारत दोन फूट मागे, दुसरी रेषेवर, तिसरीच्या पायऱ्या रस्त्यात, असे झाले की त्या खाचखळग्यांत दुचाकी आणि कचरा साठतो. गल्लीची समोरची रेषा सर्वांना एकच ठरवून द्यावी. गाड्यांसाठी गल्लीच्या तोंडाशी एक सामाईक जागा घेऊन तिचे भाडे घ्यावे. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एकच जिना केला, तर प्रत्येक मजल्यावर सुमारे १५ चौरस मीटरचा एकेक जिना वाचतो. तेवढ्यात एक खोली आणि मोरी होते.

सर्वांत जास्त नुकसान रस्त्याच्या पातळीमुळे होते, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जुना रस्ता न खोदता त्यावर पुन्हा काँक्रीट ओतले की एका थराला अर्धा फूट रस्ता वर येतो. दोनदा झाले की उंबरा रस्त्याखाली जातो आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी माजघरात येते. मग घरमालक जोते उचलायचे म्हणून घरच पाडतो. एरवी पन्नास वर्षे टिकली असती अशी घरे या कारणाने गेली आहेत.

खरी पद्धत अशी. दर ५ मीटरवर दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांची पातळी मोजावी. सर्वांत खालचा उंबरा धरून रस्त्याची कड त्याच्या १५ सेंटिमीटर खाली ठरवावी. ६ मीटरच्या गल्लीत मध्यापासून कडेपर्यंत ३ मीटर. पन्नासास एक उताराने मध्य ६ सेंटिमीटर उंच येतो, तरीही तो उंबऱ्याच्या ९ सेंटिमीटर खालीच राहतो. लांबीत निदान दोनशेस एक, म्हणजे १०० मीटरला अर्धा मीटर उतार हवा. १५ सेंटिमीटर काँक्रीट आणि खाली १० सेंटिमीटर कच्चे (कमी सिमेंटचे) काँक्रीट धरले, तर १०० मीटर गल्लीत १५० घनमीटर खोदाई होते. माती फुगते हे धरता दोन ब्रासचे (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) तीस-पस्तीस टिप्पर भरतात. निविदेत ही खोदाई आणि राडारोड्याची वाहतूक स्वतंत्र बाब म्हणून नसेल, तर ठेकेदार वरच ओतणार. तेव्हा निविदा वाचताना नागरिकांनी आधी ही बाब शोधावी. सांधे दर ४ मीटरच्या आसपास आणि काँक्रीट ओतल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत कापावेत, उशीर झाला की चिरा आपली जागा आपण निवडतात. निदान १४ दिवस पाणी मारावे.

खोदाईचा क्रमही ठरलेला हवा: सर्वांत खोल ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाण्याची नळवाहिनी, मग विजेच्या आणि फोनच्या केबल, शेवटी रस्ता. नळ ड्रेनेजच्या वर निदान अर्धा मीटर असावा. अरुंद गल्लीत दोघांमध्ये बाजूचे पुरेसे अंतर मिळत नाही, म्हणून तिथे हे उभे अंतर अजिबात सोडू नये. घरजोडण्या जोत्यापर्यंत आधीच आणून ठेवाव्यात आणि दर २० मीटरला १५० मिलिमीटरचा एक रिकामा पाइप रस्त्याखाली आडवा टाकावा. तो नसला की नवी केबल आली की नवा रस्ता फुटतो. काही घरे पन्हाळीचे पाणी सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडतात, हेही थांबायला हवे. जुलैत तेच चेंबर उसळतात आणि मैला नाल्यातून शेतात जातो.

पन्हाळीच्या पाण्याला चांगली जागा आहे. आपल्या भागात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावरून १,२०० मिलिमीटर पावसाचे, २० टक्के वाया धरूनही, ९६,००० लिटर मिळतात. सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटर, म्हणजे १०० ते २०० लिटर, बाहेर सोडून बाकीचे वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या विहिरीत घ्यावे. फक्त छपराचे पाणी घ्यावे. रस्त्यावरचे पाणी विहिरीत घेतले की तेल आणि मैला दोन्ही उतरतात. पुनर्विकासात विहीर बुजवून वर पार्किंग करण्याला परवानगीच असू नये.

वाडा उतरवण्याबाबत एक गोष्ट आवर्जून. आपल्याकडच्या जुन्या घरांना शेजाऱ्याशी सामाईक मातीची भिंत असते. एक घर उतरले की ती भिंत उघडी पडते आणि पावसात भिजून कोसळते. पाडकाम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यात संपवावे, उघड्या भिंतीला लगेच टेकू आणि चुन्याचा गिलावा द्यावा. नव्या पायासाठी शेजाऱ्याच्या दगडी पायालगत एकदम लांब चर खणू नये. एकेक मीटरचा तुकडा खणून, भरून, मगच पुढचा घ्यावा.

वडगाव-खासबागच्या विणकर गल्ल्यांना वेगळा नियम हवा. तिथे घर आणि माग एकत्र आहेत, आणि नव्या फ्लॅटमध्ये माग बसत नाही म्हणून धंदा मोडतो. यंत्रमाग वरच्या मजल्यावर कधीच नेऊ नये. तळमजल्यावर, इमारतीच्या पायापासून सुट्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर तो बसवला, तर हादरे वर फारसे जात नाहीत. मागाची खोली पाठीमागे, वर ३० ते ४५ चौरस मीटरची घरे, ही रचना तिथे चालू शकते. निपाणीतल्या जुन्या तंबाखूच्या वखारींचाही असाच विचार व्हावा. जाड भिंती, उंच छप्पर आणि गावाच्या मध्यावरची जागा पाडून टाकण्यापेक्षा खाली बाजार आणि कारागिरांचे गाळे करावेत.

सगळ्यात जास्त वेळ कागद खातात. सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावर आजोबांचे नाव, महापालिकेच्या मिळकत खात्यावर चुलत्याचे, आणि ताब्यात भाडेकरू, ही नेहमीची स्थिती. आराखडा काढण्याआधी वारस नोंद, मग सिटी सर्व्हेची मोजणी, मग ई-खाते (महापालिकेकडची डिजिटल मिळकत-नोंद), आणि भाडेकरूशी नव्या घराच्या क्षेत्रासह लेखी करार, या क्रमाने गेले तर काम मध्येच अडकत नाही. भाडेकरूला बाहेर काढून होणारा पुनर्विकास ‘सर्वांना घर’ या तत्त्वालाच धरून नाही.

महापालिका आणि बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) एक-दोन गल्ल्या घेऊन सुरुवात करावी. निविदेआधी गल्लीचा दोनशेस एक प्रमाणातला नकाशा, उंबऱ्यांच्या पातळ्यांसह, कन्नडबरोबर मराठीतही गल्लीच्या पंच मंडळाच्या सभागृहात निदान एक महिना लावावा. आपल्या उंबऱ्यापुढचा आकडा ज्याला वाचता येईल, तोच हरकत नोंदवू शकेल. हरकतींची सुनावणी गल्लीतच, रात्री जेवणानंतर ठेवावी, म्हणजे मागावर आणि दुकानात असणाऱ्यांनाही येता येईल. काम संपल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी पातळ्या मोजाव्यात आणि त्या ठरलेल्या पातळ्यांशी जुळल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये.

आपला विश्वासू,
एक नगररचनाकार वाचक
शहापूर, बेळगाव