ते प्रेम शिस्तीआड का लपवायचे?

महोदय,

जुन्या जर्मन चित्रपटांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. पण १९३१च्या ‘मेडशेन इन युनिफॉर्म’ (गणवेशातल्या मुली) या चित्रपटाला ‘प्रशियन (म्हणजे जुन्या जर्मन लष्करी धाटणीच्या) शिस्तीविरुद्धचा चित्रपट’ एवढ्या एका ओळीत गुंडाळले, ते खटकले.

शिस्त त्यात आहेच. कथा घडते त्या पोट्सडॅम शहरातल्या निवासी शाळेत मुलींना पोटभर जेवायलाही मिळत नाही, आणि मुख्याध्यापिकेला त्याचा अभिमान! पण कथेचा जीव आहे तो आई गमावलेल्या मान्युएलाच्या आपल्या शिक्षिकेवरील प्रेमात. शाळेच्या नाटकात ती जर्मन नाटककार शिलरचा राजपुत्र डॉन कार्लोस रंगवते आणि नंतर पंच हे मद्ययुक्त पेय पिऊन, त्याच पुरुषी वेषात, ते प्रेम सगळ्यांसमोर बोलून टाकते. पुढचे सारे रामायण यातूनच घडते. हे वगळले तर मुख्याध्यापिका इतकी हादरते कशाने?

दिग्दर्शिका लिओंटिन सेगन, मूळ नाटककार क्रिस्टा विन्सलो, पडद्यावर एकही पुरुष नाही, याचाही लेखात उल्लेख हवा होता. विन्सलोच्या मूळ नाटकात मान्युएला जीव देते. चित्रपटात मात्र मैत्रिणी जिन्यावर धावत जाऊन तिला वाचवतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. त्यानंतर मुख्याध्यापिका एक शब्द न बोलता काठी टेकत अंधाऱ्या बोळात निघून जाते, आणि बाहेरून बिगूल ऐकू येतो.

नाझींनी पुढे या चित्रपटावर बंदी घातली. अभिनेत्री रोमी श्नायडरची १९५८ची रंगीत आवृत्तीही आहे, पण आधी जुनीच पाहावी.

– एक वाचक, सातारा