भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या मास्तरांना

प्रिय मास्तर,

स.न.वि.वि.

घोटी, बारी, शेंडी आणि त्यापुढे तलावाकाठच्या वाड्यांपर्यंत एस.टी.ची ड्यूटी करणाऱ्या तुम्हा वाहकांना आणि तुमच्या चालकांना हे पत्र. स्वतःचं वाहन न घेता भंडारदरा बघायला येणाऱ्यांना तुम्ही जे सांगता, त्यावरच त्यांचा दिवस उभा राहतो. त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं सांगणं इतरांच्याही कामी यावं, म्हणून हे उघडं पत्र.

तिकिटाच्या आधी तुमचा प्रश्न असतो, 'परत कधी जायचंय?' सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत दिवसभरात काही ना काही मिळतं. त्यापुढे रतनवाडी, घाटघर, साम्रद या बाजूंना फेऱ्या मोजक्या. संध्याकाळची गाडी मुक्कामी असली, की ती रात्री गावातच राहते आणि सकाळी लवकर निघते. एका दिवसात परतायचं ठरवून तिच्यात बसलेल्या माणसाची रात्र गावातच जाते. राहायच्या तयारीने आलेल्याला मात्र तिच्यासारखी सोयीची गाडी नाही. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजवे बघायला येणाऱ्यांना तुम्ही हेच बजावता: अंधार पडल्यावर परतीची गाडी नाही, आधी राहायची सोय करा.

दुसरा धडा पाटी वाचण्याचा. नाशिकहून अकोल्याला सिन्नरवरूनही जाता येतं आणि घोटीवरूनही. पाटीवर नुसतं 'अकोले' बघून चढू नये. खाली 'मार्गे घोटी, बारी, राजूर' असं असेल तरच ती तलावाची गाडी. मुंबईकराने रेल्वेने इगतपुरी गाठावी, तिथून घोटी आठ-नऊ किलोमीटर, आणि घोटीहून शेंडी साधारण पस्तीस. गाडी शेंडीत आत जाणार की फाट्यावर सोडणार, हे चढतानाच विचारायचं. पाठीवर सामान आणि डोक्यावर पाऊस असला की तेवढा फरकही जड जातो.

घोटी सुटल्यावर कुठल्या बाजूला बसावं, हेही तुम्ही सांगता, आणि ते अगदी बरोबर असतं. उजव्या खिडकीतून अलंग, मदन, कुलंग ही तिन्ही शिखरं दिसतात. त्याच उजव्या खिडकीशी पुढे बारी गावाजवळ कळसूबाई येते, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. चढाई करणाऱ्याने बारीलाच उतरायचं. वर जायला तीन तास, उतरायला दोन-अडीच. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि पावसात त्यांवर पाय सरकतो. म्हणूनच 'दुपारनंतर चढायला लागू नका, खाली याल तेव्हा गाडी गेलेली असेल' हे तुमचं वाक्य.

शेंडीला धरण. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि त्यामागचं पाणी म्हणजे आर्थर तलाव. धरण भरून पाणी सोडलं की भिंतीखालच्या गोलसर खडकावरून ते छत्रीसारखं पसरतं, तोच अंब्रेला धबधबा. म्हणजे त्याची वेळ ढगांवर कमी आणि धरणाच्या साठ्यावर जास्त अवलंबून. रंधा धबधबा शेंडीहून राजूरकडे दहाएक किलोमीटरवर, राजूरच्या गाडीने उतरता येतो.

नकाशावर तलावाभोवतीचा रस्ता गोल दिसतो, म्हणून गाडीही गोल फिरेल असं लोक धरून चालतात. फेऱ्या शेंडीहून दोन अंगांना जातात. एक मुतखेल, कोलटेंभेवरून रतनवाडीला. तेव्हा तलाव उजव्या हाताला. दुसरी मुरशेत, पांजरेवरून घाटघरला. तेव्हा डाव्या हाताला. एका दिवसात एकच बाजू धरावी. पहिल्यांदा येणाऱ्याने आमच्या मते रतनवाडीच धरावी. वीसेक किलोमीटर पाण्याच्या सोबतीने प्रवास, टोकाला अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि पुष्करणी, मागे रतनगड. गड करायचा असेल तर मुक्काम हवा. नेढ्यापर्यंत, म्हणजे गडावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जाऊन त्याच दिवशी गाडी गाठण्याची घाई शिड्यांवर महागात पडते.

त्या अरुंद रस्त्यावर समोरून पर्यटकांची मोटार आली, की तुमचं काम बघावं. तुम्ही मागच्या बाजूला उतरून उभे राहता, पत्र्यावर थाप मारत चालकाला मागे घेता, चाक कडेच्या ओल्या मातीपासून वीतभर आत आहे हे डोळ्यांनी मोजता, मग चढून दोन घंटा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी हे पुन्हा पुन्हा होतं आणि गाडीला उशीर होतो. त्याचा राग प्रवाशांनी तुमच्यावर काढू नये. जमेल त्याने मधल्या वारी यावं. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत तलाव भरलेला आणि डोंगर उघडे असतात. भर पावसात धुक्यामुळे कित्येकदा खिडकीबाहेर काहीच दिसत नाही.

फेरी रद्द का होते, हेही तुम्ही न चिडता समजावता. शाळेच्या वेळेला धरून आखलेली फेरी रविवारी आणि सुट्टीत धावत नाही. आषाढीला गाड्या पंढरपूरच्या जादा वाहतुकीला जातात, निवडणुकीलाही जातात. भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक तेव्हा उपयोगाचं नसतं. आदल्या दिवशी स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकांना विचारावं, आणि उतरताना तुम्हालाच पुन्हा एकदा.

सुट्ट्या पैशांचंही लिहायला हवं. मशीनवर ऑनलाइन पैसे घेता येत असले तरी शेंडीपुढे रेंज जाते, व्यवहार मधेच अडकतो आणि मागे रांग खोळंबते. दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवाव्यात. पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट, त्यासाठी आधार कार्ड लागतं. 17 मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धं तिकीट आहे. बाजारला निघालेल्या आजीला कार्ड पिशवीच्या तळातून काढेपर्यंत तुम्ही थांबता, घाई करत नाही, हे आम्ही पाहत असतो.

जागा कमी असेल तेव्हा पाठपिशव्या मागे किंवा मांडीवर घ्यायला सांगता, तेही रास्त आहे. ती गाडी आधी दवाखान्याला, शाळेला, बाजाराला जाणाऱ्यांची. फिरायला आलेल्यांनी उभं राहायला हरकत नसावी.

तुमच्या कामाबद्दल चार ओळी स्थानकावरच्या तक्रार-सूचना वहीतही लिहिल्या आहेत, गाडी क्रमांक आणि तारखेसह. या मार्गाने फिरणाऱ्या इतरांनीही तसं लिहावं, अशी त्यांना विनंती.

आपले,
एस.टी.ने डोंगर-तलाव फिरणारे प्रवासी