अलंगच्या आधी एक सांगायचंय

प्रिय बंड्या,

तुझे फोन येऊन गेले. डिसेंबरच्या अलंग-मदन-कुलंगच्या ट्रेकबद्दलच असणार, म्हणूनच उचलले नाहीत. घरात हिच्यासमोर हे बोलता आलं नसतं. तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे, पोट तेवढं पुढे सरकलंय.

तर गेल्या रविवारी आम्ही गुडरिचला गेलो होतो. वाय नदीच्या काठावरचा किल्ला, इंग्लंड-वेल्सच्या हद्दीला लागून. गावातून निघायचं, कॉपेट हिलला वळसा घालून नदीकाठाने परत यायचं आणि शेवटी किल्ला. दहा-बारा किलोमीटर, सगळी सपाटी, पाय घसरेल असा घसारा नावाला नाही. आपला मंग्या याला ट्रेक म्हणूच देणार नाही. पलीकडच्या तीरावर कोल्डवेल रॉक्सचे कडे मात्र असे की तुझी फार आठवण आली. नदी हिरवट दिसते, तिच्या खोऱ्यात दोनेक कोटी कोंबड्या पाळल्यात आणि त्यांची घाण शेवटी पाण्यातच येते. तरी लोक होड्या घेऊन मजेत.

वाटेत वेल्श बिकनर लागतं. १९४२ च्या जूनमध्ये तिथे एक हॅलिफॅक्स विमान पडलं. रडारची गुप्त चाचणी चालू होती, आतले अकराही जण गेले. त्यातला एक ॲलन ब्लमलाइन, म्हणजे स्टिरिओचं पेटंट घेणारा माणूस. तुझ्या त्या डेकचा मूळपुरुष! डेक अजून तुझ्याकडेच आहे आणि निम्मे पैसे माझे होते, हे मी विसरलेलो नाही.

किल्ल्याबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर तू उरलेलं वाचणार नाहीस. खंदक सरळ खडकात खोदलाय आणि निघालेल्या त्याच लाल दगडाची तटबंदी. बुरूज खाली चौकोनी, वर जाताना गोल होतात, कोपऱ्यांना दगडी पाचर मारल्यासारखे उतार. मधला चौकोनी मनोरा तेवढा करड्या दगडाचा, बाराव्या शतकातला, बाकी सगळ्याहून जुना. दार मुळात पहिल्या मजल्यावर होतं. आपल्याकडे वाट अवघड करून ठेवतात, यांनी दारच वर नेलं. १६४६ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूच्या कर्नल बर्चने वेढा घातला. आधी पाणी तोडलं, मग याच कामासाठी एक उखळी तोफ ओतून घेतली, ‘रोअरिंग मेग’. जवळजवळ नव्वद किलोचे गोळे टाकायची. एक बुरूज अख्खा ढासळला आणि जुलैअखेर आतल्यांनी हात वर केले. तोफ आता तिथेच अंगणात ठेवलीय, पोरं तिच्या तोंडात डोकं घालतात. त्याच सुमारास आपल्याकडे महाराज तोरणा घेत होते. हे मी हिला सांगितलं, तर म्हणाली, "झालं तुझं सुरू."

आता मुद्दा. हिला चहा घ्यायचा होता, म्हणून मी एकटाच त्या मनोऱ्यावर चढलो. अंधारा, अरुंद गोल जिना. चढताना काही नाही. वर रेलिंग आहे, खाली नदी, हिरवळ, मेंढ्या. मी खाली पाहिलं आणि बंड्या, माझे हात रेलिंगला चिकटले. अक्षरशः. बोटं सोडवायची तर मनगटापासून हुकूमच जाईना. तळपायांतून पाणी गेल्यासारखं झालं. हरिहर गडाच्या खोबण्यांतून उड्या मारत उतरणारा मी! हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत तुम्ही सगळे दम खात असताना विडी ओढणारा मी! आणि समोर काय, तिकीट काढून आजीआजोबा चढतात असा मनोरा.

उतरताना जिन्यात बसलो. एकेक पायरी, बुडावर. एक हात भिंतीला, भिंत ओली, शेवाळ नखात गेलं. मागे सात-आठ वर्षांचा पोरगा आला, मी बसलेला बघून तोही बसला. त्याला खेळ वाटला. बूट माझ्या पाठीला लावून तो मला ढकलत होता आणि त्याची आई वरून ‘सॉरी, सॉरी’. खाली आल्यावर हिने विचारलं, "एवढा वेळ?" म्हटलं, व्ह्यू चांगला होता.

तेव्हापासून डोक्यात तेच. ऑफिसच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी मुद्दाम जाऊन उभा राहतो, काही होत नाही. मग वाटतं, थकलो असेन, पाणी कमी प्यायलो असेन. मग रात्री अलंगचा रॉक पॅच, तो दोर लावून चढायचा कडा, डोळ्यांसमोर येतो आणि घाम फुटतो. डॉक्टरकडे गेलो तर तो वय विचारेल. मंग्याला सांगितलं तर तो ग्रुपवर टाकेल आणि माझं नाव जन्मभराचं ‘मनोरा’ पडेल. तो ढाकच्या वेळचा ‘दोरी’ अजून दोरीच आहे.

तुला सांगतोय, कारण तुला पहिल्यापासून दृष्टिभय आहे, उंचावरून खाली बघायची भीती. तू ते कधी कबूल केलं नाहीस, पण प्रत्येक पॅचआधी तुझं ते बुटाची लेस सोडून पुन्हा बांधणं मी पाहिलेलं आहे. तरी तू सगळीकडे आलास. आणि एका पावसाळ्यात तुझ्यामुळे शेवटची एसटी चुकली तेव्हाही तू घाबरून थांबला नव्हतास, तुला फक्त भजी खायची होती. ते भांडण मी सोडणार नाही.

मला एवढंच सांग, लेस बांधताना तू मनात काय करतोस? आकडे मोजतोस? शिव्या देतोस? कोणाला?

काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं हे समजलं, थेंब वेळेवर घाल म्हणावं. छोटीची बारावी ना यंदा? तिला उगाच क्लासचे टोमणे मारू नकोस. बदलीचं काय झालं, नाशिक की धुळं?

महिनाअखेरपर्यंत तिकीट काढायचंय, नंतर भाव वाढतात. फोन नको, लिहूनच पाठव.

तुझा,
सत्या

ता. क. अलंगला आलोच तर बिलेचा, म्हणजे मला सांभाळायचा, दोर तूच धरायचास. मंग्या दोर धरून मोबाइल बघतो.