रामबागेतल्या काकांना, विश्वाच्या शेवटाबद्दल

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले तर 'अगं, त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय उडवून लावाल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पावसाळ्यात माझ्या मुलाने मोबाइलवर विश्वाच्या अंताचा कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि त्याची झोपच उडाली. आठवीतलं पोर. 'शेवटी सगळंच विझणार, मग अभ्यास कशाला करायचा?' असं त्याने भर जेवणात विचारलं. इतक्या लांबचा विचार करू नये, देव आहे ना बघायला, असं घरातल्या सगळ्यांनी समजावून पाहिलं. तुम्ही तसलं काहीच बोलला नाहीत. 'आधी हे लोकांना कळलं कसं ते बघू. घाबरायचं की नाही ते मग तू ठरव,' एवढंच म्हणालात.

माझ्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक मागून घेतलंत, खडूने त्यावर इंचाइंचावर खुणा केल्यात आणि एक टोक त्याच्या हातात दिलंत. ताणून दुप्पट केल्यावर शेजारची खूण एक इंच लांब गेली, तिच्या पुढची दोन इंच, त्यापुढची तीन. कुठल्याही खुणेपासून मोजा, हिशेब तोच. जितकी दूर तितकी वेगात! विश्वही असंच ताणलं जातंय. दीर्घिकांचं, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचं, हे गणित हबल या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ साली मांडलं. त्याच्या दोन वर्षं आधीच लमेत्र नावाच्या बेल्जियन धर्मगुरूने समीकरणांतून ते काढलं होतं, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत.

मग वही निघाली. साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सेकंदाला साधारण ७० किलोमीटर वेगाने लांब जाते. वेग कायम धरला, तर एवढं अंतर पडायला किती काळ लागला असेल? शून्यं मोजताना तो सारखा अडखळत होता, पण तुम्ही उत्तर काही सांगितलं नाहीत. शेवटी १४०० कोटी वर्षं आली. शास्त्रज्ञ विश्वाचं वय १३८० कोटी मानतात, हे ऐकल्याबरोबर तो वही घेऊन स्वयंपाकघरात धावत आला. कणकेच्या हातांनी मी ते पान धरलं, त्याचे डाग अजून आहेत.

भीतीचा भागही तुम्ही गाळला नाहीत, आणि माझ्या मते खरी मदत ती. दूरचे स्फोट पावणारे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले, त्यावरून प्रसरणाचा वेग वाढतोय हे १९९८ साली कळलं. हा वेग जी वाढवते तिला कृष्णऊर्जा म्हणतात; विश्वातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा तिचा, आणि ती नेमकी काय हे कोणालाच ठाऊक नाही. सूर्याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत. एकावर चौदा शून्यं इतक्या वर्षांनी नवे तारे जन्मणंच थांबेल. पण त्याच्या कितीतरी आधी बाकीच्या दीर्घिका नजरेआड जातील, आणि तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञाला विश्व प्रसरण पावतंय हे शोधायला पुरावाच उरणार नाही. 'म्हणजे आपण वेळेवर आलो,' असं पोरगं म्हणालं. त्या रात्री तो शांत झोपला.

दिवाळीनंतर जानापावच्या टेकडीवर तुम्ही त्याला देवयानी दीर्घिका दाखवलीत. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड! सगळ्या लांब जातात आणि ही मात्र आपल्याकडे येते, कारण जवळच्यांत गुरुत्वाकर्षण प्रसरणाला पुरून उरतं, हे त्याने परतताना गाडीत मलाच शिकवलं. नारळीकर सरांबद्दलही तुमच्याकडूनच कळलं. विश्व महास्फोटातून सुरू झालं हा सिद्धांत सगळं जग मानत असताना ते आयुष्यभर त्यावर शास्त्राच्या भाषेत प्रश्न विचारत राहिले. मुलाला उत्तरं देणारे पुष्कळ भेटतील, काका. अभ्यास करून मतभेद कसा करावा हे तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार वेगळे.

आता त्याने नवं काढलंय. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या, अ‍ॅरिझोनातल्या 'डेसी' या प्रकल्पाची २०२५ ची मोजमापं म्हणतात की कृष्णऊर्जा कदाचित काळानुसार क्षीण होत असावी. तसं ठरलं तर शेवटाचं चित्रही बदलेल, म्हणून तो तुमच्याशी बोलायला टपून बसलाय. रविवारी सकाळी पाठवते. काकूंचं ब्लाउज तयार आहे, त्याच्याच हाती देईन. शिलाईचे पैसे मात्र पाठवलेत तर खरंच रागावेन.

तुमची,
मागल्या गल्लीतली लेक