'मायोस्टॅटिन ब्लॉकर' पावडरीवरचे खोटे दावे आणि नाकारलेला परतावा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय / महोदया,

माझ्या दिरांनी गेल्या महिन्यात तुमची पावडर मागवली, माझ्या 11 वर्षांच्या मुलासाठी. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा जन्मजात आजार. मी डबा उघडला, आतलं माहितीपत्रक वाचलं आणि झाकण परत लावलं. मुलाला चमचाभरही दिलेली नाही. परतावा मागितल्यावर 'सील तुटलेलं आहे' असं उत्तर आलं. माहितीपत्रक तुम्ही सीलच्या आत ठेवता. सील न तोडता ते कसं वाचायचं, हेही कळवलंत तर बरं होईल.

पत्रकाच्या मधल्या घडीवर एक चित्र आहे. पेशीच्या आवरणातून काट्याचमच्यासारखा डोकं वर काढलेला रिसेप्टर, म्हणजे पेशीचा निरोप घेणारा रेणू, त्यावर लाल फुली, खाली ठळक अक्षरांत 'स्नायूंचा शत्रू'. शेजारी दंड फुगवलेला एक मुलगा. माझा मुलगा ते चित्र बराच वेळ बघत होता. या पत्राचं खरं कारण ते आहे, परताव्याचे पैसे नंतर.

हा 'शत्रू' काय करतो ते तुमच्या पत्रकात कुठेच नाही, म्हणून लिहिते. अ‍ॅक्टिव्हिनचा टाइप 2 रिसेप्टर बाहेरून आलेला रेणू पकडतो, टाइप 1 रिसेप्टरला जवळ ओढतो, त्याला फॉस्फेट लावतो, आणि मग स्मॅड नावाची प्रथिनं निरोप घेऊन केंद्रकात जातात. याच दारात मायोस्टॅटिन येतं आणि स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतं, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण त्याच दारात अ‍ॅक्टिव्हिनही येतं. 1986 मध्ये ते सापडलं तेव्हा त्याला हे नाव मिळालं, कारण ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे प्रजननाचं संप्रेरक सोडायला लावतं. रक्तपेशी, हाडं, रक्तवाहिन्या, सगळ्यांचे निरोप या रिसेप्टरांच्या कुटुंबातून जातात. टाइप 2 चे दोन प्रकार आहेत, 2ए आणि 2बी. मी चॅटवर विचारलं, 'तुमचं उत्पादन 2ए अडवतं की 2बी?' उत्तर आलं, 'मॅडम, सगळे ब्लॉक होतात, शंभर टक्के नॅचरल.' स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

सगळे ब्लॉक झाले तर काय होतं, याची नोंद आहे. एसीई-031 नावाचं एक औषध होतं. 2बी रिसेप्टरचा बाहेरचा तुकडा अँटिबॉडीच्या शेपटीला जोडून केलेला सापळाच तो, आणि तो दिला होता माझ्या मुलासारख्याच डुशेनच्या मुलांना. 2011 मध्ये चाचणी थांबवावी लागली. मुलांच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, त्वचेवर बारीक रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके उमटले. सापळ्यात मायोस्टॅटिनसोबत बीएमपी9 नावाचं दुसरं निरोप्या प्रथिन सुद्धा अडकत होतं, आणि रक्तवाहिन्या सांभाळायला ते लागतं, असा त्यामागचा अंदाज आहे. पुढे फक्त मायोस्टॅटिनवर नेम धरणारी औषधं आली. डुशेनसाठीच्या त्यांच्या मोठ्या चाचण्याही 2018 आणि 2019 मध्ये बंद झाल्या. फायदा दिसला नाही. या मुलांच्या रक्तात मायोस्टॅटिन मुळातच कमी असतं. शिवाय डिस्ट्रॉफिन हे स्नायूला आधार देणारं प्रथिन नसल्यामुळे स्नायूचा तंतू वापरला की फाटतो, तो नुसता जाड केल्याने फाटायचा थांबत नाही. आम्ही घरात ही बातमी दोनदा पचवली आहे.

आणि तुमच्या पत्रकावर? 'दुष्परिणाम शून्य.'

आता तुम्हीच ठरवा. पावडर खरंच रिसेप्टर अडवत असेल, तर दुष्परिणाम शून्य असूच शकत नाहीत. दुष्परिणाम खरंच शून्य असतील, तर ती काही अडवत नाही. माझा अंदाज यातल्या दुसऱ्या शक्यतेचा आहे. तुमचा 'सक्रिय घटक' अंड्यातलं फॉलिस्टॅटिन आहे, जे शरीरात मायोस्टॅटिनला पकडून ठेवतं. ते प्रथिन आहे, आणि पोट प्रथिनांचं जे करतं तेच त्याचंही करणार: तोडून अमिनो आम्लं. डबा उघडल्यावर वासही उकडलेल्या अंड्याचाच आला.

सर्वांत चीड आली ती 'मान्यताप्राप्त औषधांचं हेच विज्ञान' या ओळीची. होय, या रिसेप्टरांवर बेतलेली औषधं आहेत. बीटा थॅलेसेमियातल्या अ‍ॅनिमियासाठी लुस्पाटरसेप्टला अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये मान्यता दिली, आणि फुप्फुसांच्या धमन्यांतल्या उच्च रक्तदाबासाठी सोटाटरसेप्टला 2024 मध्ये. दोन्ही दर 3 आठवड्यांनी त्वचेखाली टोचावी लागतात. सोटाटरसेप्टच्या पहिल्या 5 डोसांत दर वेळी आधी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तपासतात, आणि नाकातून रक्त येणं हा त्याचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. तुमच्या डब्यात आहे एक प्लास्टिकचा चमचा. त्या औषधांमागची वर्षं आपल्या नावावर खपवायला संकोच वाटायला हवा होता.

पावडर ज्यांवर चालते म्हणता त्या आजारांच्या यादीत तुम्ही एफओपी हा दुर्मिळ आजारही छापला आहे, ज्यात स्नायूंच्या जागी हाड तयार होत जातं. त्यात दोष एसीव्हीआर1 या टाइप 1 रिसेप्टरच्या जनुकात असतो, हे 2006 मध्ये कळलं. एरवी अ‍ॅक्टिव्हिन ए आलं तरी हा रिसेप्टर हाड बनवायला सांगत नाही, बिघडलेला मात्र त्यालाच हाडाचा हुकूम समजतो. त्या मुलांना स्नायूत साधं इंजेक्शनसुद्धा टाळतात, कारण तिथे हाड उगवू शकतं. स्नायू फुगवायची पावडर त्यांच्या आईबापांना कशाच्या आधारावर विकता?

मला हवं आहे ते असं. पूर्ण परतावा, 15 दिवसांत. आजारांची यादी आणि 'दुष्परिणाम शून्य' ही ओळ डबा, पत्रक आणि जाहिरात, तिन्हींतून काढल्याचं लेखी उत्तर. आणि या बॅचमध्ये प्रत्यक्षात काय आहे त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल. तो नसेल तर 'नाही' एवढंच लिहा, मला ते पुरेल. नाहीतर हेच पत्र जोडण्यांसह ग्राहक आयोग आणि अन्न व औषध नियामकाकडे जाईल.

दिरांना यातलं काही बोलू नका, फोन माझ्याच नंबरवर करा. त्यांनी तो डबा पुतण्याच्या वाढदिवसाला आणला होता.

डबा कपाटात वरच्या फळीवर आहे, वजन करून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवा.

आपली ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, माहितीपत्रकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, चॅटचा स्क्रीनशॉट