गुप्ती घरी ठेव आणि ये

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. रात्री हायवेवर गाडी अडवली, मोबाईल गेला, पैसे गेले, गळ्याला सुरा लागला. तुझ्या जागी मी असतो तर आठ दिवस मलाही झोप लागली नसती. पण त्यानंतर तू कुठल्याशा जत्रेतून गुप्ती घेतलीस, सीटखाली ठेवलीस आणि वर मला म्हणतोस, "बंड्या, एवढी वर्षं तालमीत जातोस, मला चार हात शिकव." तिथं माझं डोकं सरकलं.

शिकवायला माझी ना नाही. फक्त ही वर्षं मी तिथं मर्दानी खेळ म्हणून नेमकं काय करतो, ते आधी ऐक.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही दांडपट्टाच हवा होता. सगळ्यांनाच हवा असतो. 2024 मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला आणि आमच्याकडं पोरांची रीघ लागली, आल्या आल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "पट्टा कधी?" वस्तादांनी मला काठी दिली आणि आठ महिने दुसरं काही हातात दिलं नाही. त्यातला पहिला महिना नुसते पाय. पवित्रा टाक, मागं घे, वळ, परत टाक. हलगी वाजत असायची आणि मी लहान पोरांच्या रांगेत, टक्कल पडायला आलेला बाप्या, फरशीवर खडूनं काढलेल्या खुणांवर पाय टाकत असायचो.

कारण नंतर कळलं. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हातमोज्यासारख्या लोखंडी मुठीत, हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो. मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून, कमरेतून, शेवटी पायातून काढावा लागतो. पाय चुकला की ते लवचीक, दुधारी पातं समोरच्यावर जायचं सोडून तुझ्याच पोटरीवर येतं. मिरवणुकीत हातावरचं लिंबू कापणारा पठ्ठ्या दिसतो तेव्हा लोक त्याच्या हाताकडं बघतात. मी आता पायांकडं बघतो.

मग फरी-गदका आला. चामड्याची ढाल आणि चामड्यानं मढवलेली काठी, आणि समोर खरा माणूस. इथं खरी शिकवणी. पहिल्याच आठवड्यात एक फटका बोटांवर बसला आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन गळालं. त्या दिवसापासून समोरच्याची काठी कुठपर्यंत पोचते, हे डोळ्यांना आपोआप दिसायला लागलं. एक वीत आत उभा राहिलास तर मार खातोस, एक वीत बाहेर राहिलास तर फक्त वारा लागतो. ती वीत म्हणजेच सगळी विद्या, असं मला वाटतं. नुसत्या हातांनी ती शिकायला फार दिवस लागतात, कारण बुक्की लागली तरी माणूस "चालतंय" म्हणतो. काठीपुढं कुणी तसं म्हणत नाही.

केरळच्या कळरीत, म्हणजे तिथल्या कळरीपयट्टूच्या तालमीत, तर क्रमच असा आहे: आधी नुसतं शरीर, मग लाकडी आयुधं, मग लोखंडी, आणि सगळ्यात शेवटी मोकळे हात. शस्त्र समजल्याशिवाय शस्त्रापुढं मोकळ्या हातानं उभं राहायचं नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. फिलिपिन्सच्या आर्निस या युद्धकलेतही बऱ्याच ठिकाणी पोरांना आधी वेताची काठी देतात. तीच चाल मग सुऱ्यानं, मग रिकाम्या हातानं. आपल्याकडच्या कराटे क्लासात मात्र शस्त्र आलंच तर वरच्या बेल्टवाल्यांना.

आता माझी फजिती ऐक. दोन दिवसांच्या एका स्वसंरक्षण शिबिराला मी पैसे भरून गेलो होतो. सर झकास होते. समोरचा रबरी सुरा घेऊन एक पाऊल पुढं यायचा, हात लांब करायचा आणि तसाच पुतळ्यासारखा थांबायचा. आम्ही मनगट धरायचं, पिरगाळायचं, सुरा खाली. टाळ्या. छाती फुगवून तालमीत आलो आणि वस्तादांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. लाकडी कट्यारीला त्यांनी गेरूत भिजवलेलं फडकं गुंडाळलं, ती एका अठरा वर्षांच्या पोराच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे काढून."

मी कट्यार काढून घेतली, हे आधी नोंदवून ठेव. पण पोरगं कुठं थांबतंय? हात बाहेर आला की लगेच मागं, परत दुसरीकडून. सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा. मग शर्टावरच्या गेरूच्या रेघा मोजल्या. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तीन, पोटावर दोन, एक थेट मानेवर, कॉलरच्या वर. कट्यार माझ्या हातात आणि मी सहा जागी कापलेला. वस्ताद म्हणाले, "आता पळायचं कधी ते शिक."

अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं 1983 मध्ये लिहून ठेवलंय की सुरा घेतलेला माणूस 21 फुटांवरून साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. आम्ही टेप लावून हौदापासून 21 फूट मोजले आणि पोरांना पळवलं. बरोबर निघालं. आता तू सांग, सीटखाली वाकून गुप्ती शोधायला, म्यानातून ओढायला आणि गाडीच्या आत ती फिरवायला किती वेळ लागेल? त्या रात्री सुरा आधीच तुझ्या गळ्यावर होता. पाकीट देऊन तू जिवंत घरी आलास, तेच बरोबर केलंस. त्याची लाज बाळगू नकोस.

कायद्याचंही सांगून ठेवतो, हसू नकोस. शस्त्रांच्या नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाल्यांच्या जोडीला गुप्तीही आहे. साध्या चाकूलाही 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा. घरकामाचा, शेतीचा असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम 34 पासून 44 पर्यंत आहे, आणि जबरी चोरीच्या वेळी तो बराच लांबपर्यंत जातो, हे खरं. पण कलम 37 म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा नको. चोर पाठ फिरवून पळत असताना तू मागून भोसकलंस, तर तू फिर्यादी राहत नाहीस रे, आरोपी होतोस. तुझे मेहुणे वकील आहेत. ती वस्तू कशी मार्गी लावायची ते त्यांनाच विचार, उद्याच.

एवढ्या वर्षांत ही विद्या मला खरोखर एकदाच कामी आली, तीही कुत्र्यांपुढं. पहाटे रंकाळ्यावर चार कुत्री अंगावर आली. हातात मिटलेली छत्री होती. मारली एकालाही नाही. टोक पुढं धरलं, पवित्र्यात मागं सरकत गेलो, कठड्याला पाठ लावली आणि ती कंटाळून जाईपर्यंत उभा राहिलो. घरी आल्यावर हात इतके थरथरत होते की चहाचा कप बशीत वाजत होता. सुजाता अजून त्यावरून चिडवते.

तर पुढच्या शनिवारी ये. सकाळी सहाला तालमीत. पहिले काही शनिवार खडूच्या खुणा आणि पाय, तक्रार करायची नाही. मग गेरूची कट्यार, तुझ्यापुढं तोच पोरगा, आता तो आणखी तरबेज झालाय. नाश्ता माझ्याकडं. येताना एखादा जुना पांढरा शर्ट घालून ये, चांगला नको. गेरूचा डाग निघत नाही, माझा तो शर्ट अजून तसाच आहे.

तुझा,
बंड्या